जिरतं ते जिरं

जर्मनीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात माझं पोट बिघडलं. २००४ सालचा नोव्हेंबर होता. दुपारी साडेचारला अंधार पडायचा. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात माझ्या वाट्याला एक कपाट आलं होतं आणि त्यात तांदूळ, मुगाची डाळ, हळद, तिखट आणि आईनं बांधून दिलेला गोडा मसाला एवढाच ऐवज होता. जिरं नव्हतं. सामानाचं वजन जास्त भरलं म्हणून विमानतळावर जी पुडकी काढून बाबांच्या हातात परत दिली, त्यात ते गेलं होतं. ‘जिरं काय, कुठेही मिळेल’ असं तेव्हा मीच म्हणाले होते.

मिळालंही. शब्दकोशात पाहिलं, ‘क्यूमेल’ असा शब्द मनात घोकत दुकानात गेले आणि त्या नावाची बरणी घेऊन आले. दाणे जिऱ्यासारखेच होते, जरा काळपट आणि जरा जास्त वाकडे. मुगाची मऊ खिचडी शिजवली, लोण्याचं तूप कढवलं, दाणे टाकले. तडतडले. आणि जो वास आला तो आमच्या घरातल्या कुठल्याही दिवसाचा नव्हता. बेकरीतल्या काळ्या पावाचा, थोडा औषधी, थोडा बडीशेपेच्या लांबच्या भावंडासारखा. दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. परदेशात पोट बिघडलेलं माणूस जितकं केविलवाणं होऊ शकतं, तितकी मी त्या संध्याकाळी झाले होते.

समोरच्या शेगडीवर ताश्कंदहून आलेला एक विद्यार्थी गाजराचे लांब तुकडे परतत होता. त्यानं माझी बरणी पाहिली, मान हलवली आणि आपल्या कपाटातून काचेची छोटी बाटली काढली. चार दाणे तळहातावर घेतले, दुसऱ्या तळव्यानं रगडले आणि हात माझ्या नाकाशी धरला. ‘झिरा,’ तो म्हणाला.

‘जिरं!’ मी म्हणाले.

मग मला काय झालं कोण जाणे. त्या आनंदातच मी त्याला म्हणाले, ‘हा शब्द आमचा आहे. तुम्ही हे आमच्याकडून नेलंत.’ तो हसला. म्हणाला, ‘आमच्या डोंगरांत आपोआप उगवतं ते. तुमच्याकडे बाबरानं आणलं असेल.’

गाजरं करपायला लागली म्हणून वाद तिथेच थांबला. माझ्या डोक्यात मात्र तो पुढे बरीच वर्षं चालू राहिला. हे लिहिते आहे ते त्याचं उत्तर म्हणून. सुरुवातीलाच कबूल करते, की आम्ही दोघंही चूक होतो.

*

आधी त्या बरणीचा उलगडा. जर्मन ‘क्यूमेल’ म्हणजे जिरं नव्हे. इंग्रजीत ज्याला कॅरावे म्हणतात, ते हे बी. जिरं आणि कॅरावे ही एकाच घराण्यातली झाडं. गाजर, कोथिंबीर, बडीशेप, ओवा, शेपू हे सगळे याच गोतावळ्यातले, छत्रीसारखा फुलोरा धरणारे. पण वासाचं रसायन वेगळं. जिऱ्याचा वास प्रामुख्यानं क्युमिनाल्डिहाइड या द्रव्याचा, तर कॅरावेचा कार्व्होनचा. कॅरावे थंड हवेत आरामात वाढतं. जिऱ्याला मात्र कोरडी हवा आणि तीनेक महिने ऊन लागतं. त्यामुळे युरोपच्या उत्तरेत जिरं बाहेरून आणावं लागे आणि कॅरावे कुरणात आपोआप मिळे.

नावाची अदलाबदल याच्यातूनच झाली. लॅटिन ‘क्युमिनम’ म्हणजे जिरं. हा शब्द उत्तरेकडे गेला आणि तिथे वस्तूच न सापडल्यामुळे शेजारच्या झाडावर जाऊन बसला. शार्लमेन सम्राटाच्या काळात, इ. स. ८००च्या आसपास, राजाच्या मळ्यांत काय काय लावावं याची एक यादी काढली गेली. तीत जिरं आणि कॅरावे अशी दोन्ही नावं वेगवेगळी आहेत. म्हणजे तेव्हा फरक ठाऊक होता. पण पुढे सामान्यांच्या बोलीत क्यूमेल म्हणजे कॅरावे असंच पक्कं झालं, आणि जिरं परत बाजारात आलं तेव्हा बिचाऱ्याला नाव उरलं नव्हतं. मग जर्मनांनी त्याला ‘क्रॉइत्सक्यूमेल’ म्हटलं, हंगेरियनांनी ‘रोमन क्यूमेल’ या अर्थाचं नाव दिलं, आणि फिनिश भाषेत तर ते ‘चीजमधलं कॅरावे’ झालं. मूळ मालकच पोटभाडेकरू झाला म्हणायचा.

आपणही याहून फार वेगळे नाही. गोड्या मसाल्यात जिरं आणि शहाजिरं दोन्ही पडतात. नावावरून शहाजिरं हे जिऱ्याचंच राजेशाही भावंडं वाटतं, पण ते वेगळं झाड आहे, काश्मीरपासून मध्य आशियापर्यंतच्या डोंगरांत रानोमाळ उगवणारं. ताश्कंदच्या माझ्या मित्राच्या बाटलीतले काळसर, बारीक दाणे हे बहुधा तेच असावेत. त्याच्या भाषेत दोघांनाही झिराच म्हणतात. म्हणजे त्या रात्री आम्ही ज्या वस्तूवर हक्क सांगत भांडलो, ती वस्तू एकच होती की नाही इथूनच प्रश्न आहे.

जगाच्या नकाशावर जिऱ्याची नावं मांडली, तर त्यांचे ढोबळमानानं दोन पट्टे दिसतात. पश्चिमेचा पट्टा ‘कमून’चा. अक्कडियन भाषेत कमूनु, हिब्रूत कम्मोन, अरबीत कम्मून, ग्रीकमध्ये क्युमिनॉन, स्पॅनिशमध्ये कोमिनो, तुर्कीत किम्योन. पूर्वेचा पट्टा ‘जीर’चा. संस्कृतात जीरक, मराठीत जिरं, कन्नडमध्ये जीरिगे, तमिळमध्ये सीरगम, फारसीत झीरे, उझबेक आणि उइगुरमध्ये झिरा-झिरे, आणि तिथून पुढे चिनीत झीरान. दोन्ही पट्ट्यांची शिवण साधारण इराण आणि अरबस्तानाच्या मधे कुठेतरी पडते. दाणा एक, नावं दोन, आणि दोन्ही नावं हजारो वर्षं जुनी.

*

लिखित पुरावा शोधू गेलं तर पश्चिमेकडचा पट्टा पुढे आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात बॅबिलोनियातल्या मातीच्या काही पाट्या आहेत, इसवी सनापूर्वी १७००च्या आसपासच्या. बराच काळ त्या औषधांच्या असाव्यात असा समज होता. झ्याँ बोतेरो या फ्रेंच अभ्यासकानं त्या वाचल्या तेव्हा कळलं, की त्या पाककृती आहेत. मांसाचे रस्से, पक्ष्यांचे पदार्थ, कांदा, लसूण, आणि त्यांच्या सोबतीला जिरं. त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी ग्रीसमधल्या मायसीनी इथल्या राजवाड्याच्या हिशेबाच्या पाट्यांवर, धणे आणि तीळ यांच्याबरोबर ‘कु-मि-नो’ असं टिपून ठेवलेलं सापडतं. वाण्याच्या यादीत असावं तसं.

वनस्पतिशास्त्रज्ञ जिऱ्याचं माहेर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे, पश्चिम आशियाच्या बाजूला मानतात. आपल्याकडेही ते फार जुनं आहे. चरक आणि सुश्रुत दोघांच्याही संहितांमध्ये जीरक आहे. म्हणजे बाबर फरगाण्यात जन्मण्याच्या हजारभर वर्षं आधीपासून ते आपल्या औषधात आणि अन्नात आहे. ताश्कंदकर हरला. पण ‘तुम्ही आमच्याकडून नेलंत’ असं म्हणायला मलाही काही आधार नव्हता. जिरं माझ्याही घरी कधीतरी पाहुणं म्हणूनच आलं होतं.

हे वाचलं तेव्हा मी थोडी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. मिरची पोर्तुगिजांनी आणली, बटाटा त्यांनीच आणला, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, हे सगळं ऐकून झालं होतं. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत ‘आपलं’ म्हणावं असं जिरं तरी उरलं होतं. ताटातली ती शेवटची खुंटी मी धरून बसले होते.

*

मग मला एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. ज्या ज्या भाषेत जिरं गेलं, त्या त्या भाषेनं त्याला क्षुद्रपणाची उपमा केलं.

ग्रीकमध्ये कंजूष माणसाला ‘जिरं करवतणारा’ म्हणत. जिऱ्याचा एवढासा दाणा, तोही करवतीनं कापून अर्धाच वापरणारा. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात अतिरेकी चिक्कूपणाचं उदाहरण म्हणून हाच शब्द वापरला आहे. जर्मनमध्ये आजही कीस पाडणाऱ्याला ‘क्यूमेल चिरणारा’ म्हणतात. दाणा बदलला, शिवी राहिली. स्पॅनिशमध्ये ‘मला त्याची जिऱ्याइतकीही पर्वा नाही’ असं म्हणतात. हिंदीत उंटाच्या तोंडात जिरं पडतं, म्हणजे भुकेच्या मानानं काहीच पडत नाही. फारसीत ‘कर्मानला जिरं नेणं’ म्हणजे जिथे ती वस्तू उदंड पिकते तिथेच ती न्यायचा खुळेपणा. नव्या करारात मत्तयच्या शुभवर्तमानात येशू ढोंगी धर्मशास्त्र्यांना फटकारतो, तेही जिऱ्यावरून: पुदिना, शेपू आणि जिरं यांचा दशांश तुम्ही काटेकोर मोजून देता, आणि न्याय, दया या मोठ्या गोष्टी सोडून देता, असा त्याचा रोख आहे.

लवंग, जायफळ यांच्याबद्दल असं कुणी बोललेलं मला आढळलं नाही. कारण ती महाग होती. जिरं इतकं स्वस्त आणि इतकं घरोघर होतं, की क्षुद्र म्हणायला सगळ्यांना तेच सुचलं. पण उपमेसाठी वस्तू निवडताना माणूस रोजच्या हाताखालचीच निवडतो. ग्रीक, यहुदी, इराणी, स्पॅनिश आणि हिंदी भाषकाच्या हाताखाली एकच दाणा होता, ही मला कुठल्याही साम्राज्याच्या नकाशापेक्षा मोठी बातमी वाटते.

मसाल्यांचा इतिहास म्हणून आपण जो शिकतो, तो महाग मसाल्यांचा इतिहास असतो. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तो मिरीसाठी. १६२१ साली डच कंपनीच्या यान पीटरझोन कून यानं बांदा बेटांवर जी कत्तल केली ती जायफळासाठी. हजारो बेटवासी मारले गेले, उरलेले गुलाम झाले किंवा पळाले. लवंगेचा भाव पडू नये म्हणून डचांनी ठरावीक बेटं सोडून बाकीच्या बेटांवरची लवंगेची झाडं तोडून टाकली.

जिऱ्यासाठी असं काही झाल्याचं मला कुठे आढळलं नाही, आणि कारण अगदी साधं आहे. जायफळ तेव्हा फक्त बांदात पिकत होतं. बेट ताब्यात घेतलं की जायफळ ताब्यात. जिरं हे तीन-चार महिन्यांचं रोप. कोरडी जमीन, थोडं पाणी आणि स्वच्छ ऊन मिळालं की मोरोक्कोपासून गुजरातपर्यंत कुठेही येतं. ज्याच्या मुठीत वाळलेलं बी, त्याच्या मुठीत पुढचं पीक. असल्या वस्तूची मक्तेदारी कशी करणार? राजे-महाराजे, कंपन्या, आरमारं यांच्या हाती ते लागलंच नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखाद्या जमिनीचा नाममात्र खंड म्हणून वर्षाला पौंडभर जिरं द्यावं, असे करार होत. जिऱ्याचा दरबाराशी संबंध आला तो एवढाच.

डचांच्याच देशात याचा एक पुरावा आहे. लायडनच्या परिसरात शतकानुशतकं जिरं घातलेलं चीज करतात. उत्तरेकडच्या फ्रीसलंडमध्ये त्याचा एक प्रकार आहे, त्यात लवंगही घालतात आणि पुष्कळदा जोडीला जिरंही. मी ते पहिल्यांदा खाल्लं तेव्हा जिभेवर दोन्ही चवी शेजारी शेजारी आल्या. एक दाणा रक्त सांडून आलेला आणि दुसरा कुणाच्या ध्यानीमनी नसताना आलेला. चिजाला अर्थातच फरक पडत नाही.

*

जिरं जिथे गेलं तिथे मात्र ते दुय्यम राहिलं नाही. प्रत्येकानं त्याला वेगळं काम दिलं.

रोमनांनी त्याला सॉसमध्ये घातलं. एपिकियस या नावानं जो रोमन पाककृतींचा संग्रह प्रसिद्ध आहे, त्यात कालवांबरोबर आणि शिंपल्यांबरोबर खायचा एक जिरेसॉस आहे: मिरी, पुदिना, मध, व्हिनेगर, माशाचं आंबवलेलं पाणी आणि भरपूर जिरं. कोकणातल्या माणसाला यातली मध-व्हिनेगरची संगत खटकेल, पण कालवांना तिखट-आंबट मसाला लावायची कल्पना खटकणार नाही. प्लिनीनं लिहून ठेवलंय, की अन्नावरची वासना उडाली असता सगळ्या मसाल्यांत जिरं सर्वांत उपकारक. नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. याच प्लिनीनं एक गंमतही सांगितली आहे. जिरं खाल्ल्यानं चेहरा फिकट पडतो असा समज होता, आणि पोर्किउस लात्रो या वक्तृत्वाच्या शिक्षकाचे शिष्य गुरूसारखं अभ्यासानं खंगलेलं दिसावं म्हणून जिरं खात.

मोरोक्कोत जिरं मिठाच्या जोडीनं थेट ताटात येतं. उकडलेलं अंडं किंवा भाजलेलं मटण घ्यायचं आणि जिऱ्याच्या पुडीत टेकवायचं. इजिप्तच्या दुक्का नावाच्या कोरड्या चटणीत तीळ, धणे, दाणे आणि जिरं कुटलेलं असतं आणि पाव तेलात बुडवून तिला लावतात. आपल्या सोलापूरकडच्या शेंगादाण्याच्या चटणीला ती शेजारीण वाटावी. माल्टाजवळ एक चिमुकलं बेट आहे, कोमिनो. त्याचं नाव जिऱ्यावरून पडलं आहे. मध्ययुगात माल्टातून कापूस आणि जिरं बाहेर जात असे. साम्राज्यांनी नाही, पण एका बेटानं तरी जिऱ्याचं नाव लावून घेतलं.

ताश्कंदचा पुलाव हा झिऱ्याशिवाय होत नाही, हे मी स्वतः शिकले. फोडणीत नाही, तर गाजर-मटणाच्या रश्शात, तळहातावर रगडून. याच वाटेवर पुढे चीनच्या वायव्येला उइगुर लोक कोळशावरच्या मटणाच्या शिगांवर तिखट आणि जिरं भुरभुरतात. १९८०च्या दशकात चीनमध्ये लोकांना गावं सोडून बाहेर पडून व्यापार करायची मोकळीक मिळाली, तेव्हा या शिगा विकणारे उइगुर फेरीवाले बीजिंग, शांघायपर्यंत पोचले. आज चीनच्या कुठल्याही शहरातल्या रात्रीच्या बाजारात तो वास येतो. ज्यांनी तो वास तिथवर नेला त्या लोकांची अवस्था आज काय आहे हे आपण बातम्यांत वाचतो. वास स्वीकारणं आणि माणसं स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून कळतं.

पश्चिमेकडून स्पॅनिश लोकांनी तोच दाणा अटलांटिकपार नेला. मेक्सिकोच्या स्वयंपाकात तो हात राखून वापरतात, पण उत्तरेला टेक्सासमध्ये त्यानं सगळं पातेलं व्यापलं. १७३१ साली स्पेननं कॅनरी बेटांवरची काही कुटुंबं सॅन अँटोनिओत नेऊन वसवली, आणि जिऱ्याचा सढळ हात त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सोबत आणला, अशी एक मांडणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या शहराच्या चौकात मेक्सिकन बायका रात्री कंदिलांच्या उजेडात मांसाचं तिखट कालवण विकत. त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. १८९०च्या दशकात जवळच्याच गावातल्या विल्यम गेबहार्टनं मिरची, जिरं वगैरेंची तयार पूड करून बाटलीत भरली. हा गेबहार्ट जर्मनीतून आलेला. क्यूमेलच्या देशातल्या माणसानं अमेरिकेला जिऱ्याची सवय लावली. मला हे वाचून फार बरं वाटलं, जणू माझ्या त्या बरणीची भरपाई झाली.

*

मात्र, जिऱ्यासाठी युद्ध झालं नाही म्हणजे ते कुणालाच महाग पडलं नाही, असं नव्हे. ते शेतकऱ्याला पडतं.

ग्रीक वनस्पतितज्ज्ञ थिओफ्रास्टस लिहितो, की जिरं पेरताना शिव्याशाप द्यावेत, म्हणजे पीक चांगलं येतं, असं लोक मानतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग एका राजस्थानी लोकगीताबद्दल कळलं. त्यात बायको नवऱ्याची विनवणी करते, की बाबा रे, जिरं पेरू नकोस, ते जिवाचं वैरी आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर, पण दोन्हीकडच्या माणसांना हे पीक एकाच कारणासाठी छळतं. जिऱ्याचं रोप नाजूक. फुलोऱ्याच्या वेळी आभाळ भरून आलं, दव पडलं, अवेळी पाऊस झाला की करपा आणि भुरी येते. जमिनीतून मर रोग येतो. काल हिरवं दिसणारं शेत चार दिवसांत काळं पडतं. निंदणी हातानं, कारण रोप तणासारखंच बारीक. काढणीही जपून. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात म्हटलं आहे, की जिऱ्यावरून गाड्याचं चाक फिरवत नाहीत, ते काठीनं झोडपतात. ते आजही अनेक ठिकाणी खरं आहे.

आज जगात सर्वांत जास्त जिरं भारतात पिकतं, आणि ते जवळजवळ सगळं गुजरात आणि राजस्थानात. मेहसाणा जिल्ह्यातलं ऊंझा हे त्याचं मोठं मार्केट. बाकीचं सीरिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशा देशांत. या यादीवर नुसती नजर टाकली तरी कळतं, की गेल्या पंधरा वर्षांत जगाच्या जिऱ्यावर काय काय गुदरलं असेल. सीरियातलं युद्ध २०११मध्ये सुरू झालं आणि तिथला पुरवठा बेभरवशाचा झाला. भार ऊंझावर आला. २०२३ साली पीक कमी, मागणी जास्त, आणि त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात वायदेबाजारात जिऱ्यानं क्विंटलमागे ६० हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. तो भाव बघून पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी पेरा प्रचंड वाढवला, आणि माल बाजारात आला तोवर भाव निम्म्याहून खाली गेला होता. ज्या बायकोनं पेरू नको म्हटलं होतं, तिचं बरोबर होतं असं त्या वर्षी कितीतरी घरांत म्हटलं गेलं असेल.

‘जिरं कुणाचं?’ हा प्रश्न मला अजूनही पडतो, पण आता त्याचं उत्तर मी शब्दकोशात किंवा मातीच्या पाट्यांवर शोधत नाही. ज्याच्या शेतावर फेब्रुवारीत ढग येतात, त्याचं ते आधी आहे. मग बाकीच्या सगळ्यांचं.

*

त्या महागाईच्या वर्षी मी आईकडे गेले होते. तिच्या मिसळणाच्या डब्यात जिऱ्याची वाटी निम्मीच होती. एरवी ती काठोकाठ असते. ‘सोनं झालंय त्याचं,’ ती म्हणाली, आणि चिमटीत नेहमीपेक्षा कमी दाणे घेऊन तुपात टाकले. आमच्या घरात प्रथमच कुणीतरी जिरं करवतत होतं.

एकादशी होती. मी तिला बऱ्याच वर्षांपासून मनात असलेला प्रश्न विचारला: उपासाला मोहरी चालत नाही, हळद चालत नाही, हिंग चालत नाही, मग जिरं कसं चालतं? मला वाटलं होतं, ती ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच’ म्हणेल. ती म्हणाली, ‘अगं, ते जिरतं ना. रिकाम्या पोटाला बाधत नाही.’

तिला व्युत्पत्ती सांगायची नव्हती, पण परंपरेनं दिलेली व्युत्पत्ती तीच आहे. संस्कृतातला जॄ हा धातू. त्यातून जीर्ण, अजीर्ण, आपलं जिरणं, आणि जे अन्न जिरवतं ते जीरक. मराठीत हा शब्द पोटापुरता राहिला नाही. तेल अंगात जिरतं. पावसाचं पाणी जमिनीत जिरतं, आणि ते जिरावं म्हणून आपण गावोगाव ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ अशा पाट्या रंगवल्या. कुणाची मस्तीही जिरते. वाहून न जाता, वर तरंगत न राहता, आत जाऊन त्या जागेचंच होणं म्हणजे जिरणं. जिऱ्यानं चार हजार वर्षं बॅबिलोनच्या रश्शापासून टेक्सासच्या पातेल्यापर्यंत हेच केलं. म्हणूनच ताश्कंदचा पोरगा आणि मी, दोघांनाही ते आपापल्या आजीच्या घरचं वाटत होतं, आणि दोघांचंही तेवढ्यापुरतं खरं होतं.

त्या पोराशी आता संपर्क नाही. असता तर त्याला इतकंच कळवलं असतं, की बाबर निर्दोष आहे, आणि माझा दावा मी मागे घेतला आहे.

खिचडी मात्र त्या दिवशी जरा मवाळ झाली होती. जिरं कमी पडलं होतं. मी आईला तसं म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाव किलो जिरं आणलं, भाव न विचारता, आणि वाटी भरून ठेवली.